अमर्याद जागा नेमकी कुठे संपते?

फुकट वेब होस्टिंग देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातीत ‘अनलिमिटेड स्टोरेज’ हे शब्द ठळक अक्षरांत असतात. ते वाचून एखादी संस्था उत्साहाने वेबसाइट उभी करते आणि वर्षभरात एक साधा फोटोही चढेनासा होतो. किती जागा वापरली ते पाहावं, तर आकडा जेमतेम काहीशे एमबीचा दिसतो. मग अमर्याद जागा संपली कशी?

जागा संपलेली नसतेच, दुसरंच काहीतरी संपलेलं असतं. वेबसाइट चालवायला ज्या गोष्टी लागतात त्यांतली डिस्कवरची जागा ही फक्त एक आहे आणि छोट्या साइटला ती बहुधा सगळ्यात शेवटी कमी पडते. म्हणून कंपनी नेमकी तीच मोजायचं सोडून देते. बाकीची मोजमापं चालू असतात, पण ती जाहिरातीत नसतात. नियमांच्या लांबलचक पानावर कुठेतरी असतात. ती कोणती आणि कशी लागू होतात, हे पायरीपायरीने पाहू.

सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावातलं एक जुनं वाचनालय आहे. त्यांना वेबसाइटवर वाचनालयाची माहिती, कार्यक्रमांचे फोटो, पुस्तकांची यादी आणि कपाटात जीर्ण होत चाललेल्या जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं ठेवायची आहेत. गाठीला पैसे नाहीत, म्हणून वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर वापरून फुकटच्या होस्टिंगवर साइट करायचं ठरलं.

अमर्याद म्हणणं परवडतं कसं?

शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो खाती एकत्र नांदतात. फुकटच्या होस्टिंगमध्ये तर गर्दी आणखी असते. त्यांतली कित्येक खाती उघडून तशीच सोडून दिलेली असतात. उरलेल्यांपैकी बहुतेक साइट काही एमबीच्या असतात, मोजक्याच मोठ्या असतात. कंपनी या सगळ्यांची सरासरी धरून डिस्क विकत घेते. प्रत्येकाने मनात येईल तेवढी जागा भरली तर सर्व्हर कोलमडेल, पण तसं होत नाही या अनुभवावर हा व्यवहार उभा असतो.

सरासरी किती कमी असते, याचा एक जाहीर दाखला आहे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१४ मध्ये ऑफिस ३६५ च्या वर्गणीदारांना वनड्राइव्हवर अमर्याद साठवण देऊ केली. जेमतेम वर्षभरात, नोव्हेंबर २०१५ मध्ये, ती मागे घेऊन १ टीबीची मर्यादा घातली. काही ग्राहकांनी ७५ टीबीहून अधिक साठा केला, तो सरासरीच्या १४,००० पट होता, असं कारण कंपनीने दिलं. भागाकार करून पाहिला तर सरासरी ग्राहकाचा वापर साडेपाच जीबीच्या आत येतो. हे पैसे भरणारे ग्राहक होते आणि कंपनी जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक होती. तरीही थोड्या लोकांनी शब्द खरा मानून वापर केला आणि योजना बंद करावी लागली. फुकट होस्टिंग देणाऱ्या छोट्या कंपनीला हा धोका पहिल्या दिवसापासून माहीत असतो. म्हणून ती जागा मोकळी सोडते आणि इतर मर्यादा आधीच घालून ठेवते.

पहिली मर्यादा: फाइलींची संख्या

लिनक्स सर्व्हरवर प्रत्येक फाइलीची एक नोंद असते. तिला आयनोड म्हणतात. फाइल केवढी आहे, कोणाच्या मालकीची आहे, केव्हा बदलली आणि तिचा मजकूर डिस्कवर कुठे ठेवला आहे, ही माहिती आयनोडमध्ये असते. फोल्डरलाही स्वतःचा आयनोड लागतो. फाइल २०० बाइटची असो की २०० एमबीची, नोंद एकच.

वाचनालयाच्या दाखल नोंदवहीसारखीच ही व्यवस्था आहे. वहीत ओळ मिळाल्याशिवाय पुस्तक कपाटात जात नाही, आणि वहीच्या ओळी संपल्या तर कपाटं रिकामी असूनही नवं पुस्तक दाखल करता येत नाही. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्स्ट-४ या फाइल सिस्टिममध्ये एकूण आयनोड किती, हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं. वेगळी सूचना दिली नाही तर साधारण दर १६ केबी जागेमागे एक आयनोड तयार होतो. सगळ्या खात्यांना मिळून ते वाटून घ्यायचे असतात, म्हणून होस्टिंग कंपनी प्रत्येक खात्याला त्यांचा कोटा ठरवून देते. याखेरीज व्हायरसची तपासणी आणि बॅकअप या कामांत प्रत्येक फाइल उघडावी लागते. एक मोठी फाइल वाचण्यापेक्षा लाखभर बारीक फाइली वाचायला सर्व्हरला कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यामुळे कंपनीला खरी चिंता संख्येची असते.

फुकटच्या होस्टिंगमध्ये खात्यामागे ३०,००० च्या आसपास आयनोड दिलेले आढळतात. वेबसाइटवरची सरासरी फाइल २५ केबीची धरली, तर ३०,००० फाइलींची मिळून जागा होते ७५० एमबी. जाहिरातीतली अमर्याद जागा प्रत्यक्षात एका जीबीच्या आतच थांबली. कंपनीला जागेवर वेगळी मर्यादा घालायची गरजच उरत नाही.

आता आपल्या वाचनालयाचा हिशोब मांडू. वर्डप्रेसच्या मूळ संचातच तीन हजारांहून अधिक फाइली असतात. थीम, फोटोंची गॅलरी, संपर्काचा फॉर्म, सुरक्षा अशी पाच-सहा प्लगिन घातली की हा आकडा सहज १०,००० वर जातो. अजून वाचनालयाचं एक अक्षरही चढलेलं नाही.

मग फोटो येतात. मोबाइलवर काढलेला एक मोठा फोटो वर्डप्रेसमध्ये चढवला की तो एकटा राहत नाही. वेगवेगळ्या पडद्यांसाठी वर्डप्रेस त्याच्या लहान-मध्यम-मोठ्या प्रती आपोआप तयार करतं. मूळ फोटो धरून एकाच्या आठ फाइली होतात. थीमने स्वतःचे आकार मागितले तर आणखी. कार्यक्रमांचे १,००० फोटो म्हणजे ८,००० फाइली. एकूण झाल्या १८,०००. त्यानंतर जुने अंक. ६० अंक, प्रत्येकी २०० पानं, प्रत्येक पानाची (वर्डप्रेसमधून न चढवता थेट फोल्डरमध्ये ठेवलेली) एक प्रतिमा, अशा १२,००० फाइली. बेरीज बरोबर ३०,००० भरते. एकसष्टाव्या अंकाचं पहिलं पान चढवताना ‘डिस्क कोटा संपला’ असा निरोप येतो आणि कार्यकर्ता चक्रावून जातो, कारण जागेच्या रकान्यात अजूनही ‘अनलिमिटेड’ असंच दिसत असतं.

दुसरी मर्यादा: एका फाइलीचा आकार

साहजिकच कोणीतरी सुचवतं, की प्रत्येक अंकाच्या २०० प्रतिमा ठेवण्याऐवजी एक पीडीएफ करू. २०० फाइलींच्या जागी एकच होईल. सूचना योग्य आहे, पण इथे दुसरी मर्यादा आडवी येते.

ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलं, तर प्रतिमा २,४८० गुणिले ३,५०८ बिंदूंची होते. हे झाले सुमारे ८७ लाख बिंदू. प्रत्येक बिंदूला तीन बाइट धरले तर कच्ची प्रतिमा २६ एमबीची. जेपेगमध्ये दाबून ती एक-दोन एमबीवर येते. म्हणजे २०० पानांच्या अंकाची पीडीएफ २०० ते ४०० एमबीची. फुकटच्या होस्टिंगमध्ये एका फाइलीला १० एमबीची मर्यादा असणं नेहमीचं आहे. शिवाय वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालतं, तिच्या मूळ मांडणीत चढवायच्या फाइलीची मर्यादा २ एमबी असते. ती वाढवायची मुभा फुकटच्या खात्यात नेहमी असतेच असं नाही.

मोठी फाइल ठेवू देत नाहीत म्हणून तुकडे करावेत, तर तुकड्यांची संख्या मोजली जाते. या दोन मर्यादा एकमेकींना धरून असतात. एकीतून सुटण्याची वाट थेट दुसरीत नेते. चित्रपट, गाणी, सॉफ्टवेअर यांचे साठे फुकटच्या जागेवर कोणी करू नयेत, यासाठी ही जोडी ठेवलेली असते. वाचनालयाचा हेतू चांगला असला तरी सर्व्हरला हेतू कळत नाही.

इथे मराठी मजकुराचं एक गणित ध्यानात ठेवण्यासारखं आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. मात्रा, वेलांट्याही त्यात आल्या. इंग्रजीचं अक्षर एका बाइटात बसतं. तरीही ६०,००० शब्दांचं, साधारण २०० पानांचं मराठी पुस्तक टंकलेल्या मजकुराच्या रूपात सव्वा एमबीच्या आसपास भरतं. संपूर्ण पुस्तकाच्या मजकुराला जेवढी जागा लागते, तेवढीच त्याच्या एका पानाच्या रंगीत स्कॅनला लागते. वर टंकलेला मजकूर शोधता येतो, मोबाइलवर मोठा करून वाचता येतो आणि दृष्टिहीन वाचकाला यंत्राकडून ऐकता येतो. टंकलेखन, मुद्रितशोधन यांना मेहनत लागते, पण जागेच्या आणि उपयोगाच्या दृष्टीने त्याला तोड नाही.

तिसरी मर्यादा: प्रोसेसर आणि एकाच वेळचे वाचक

वर्डप्रेसचं पान तयार करून ठेवलेलं नसतं. वाचकाने मागितलं की सर्व्हरवर पीएचपीचा प्रोग्रॅम सुरू होतो, डेटाबेसला अनेक प्रश्न विचारतो, उत्तरं जोडून पान बनवतो आणि पाठवतो. या कामात प्रोसेसर आणि मेमरी खर्च होते. डिस्क स्वस्त आहे. सर्व्हरवर खरी महाग आणि टंचाईची गोष्ट हीच.

म्हणून एका खात्याला एका वेळी किती प्रोसेसर, किती मेमरी आणि किती चालू विनंत्या मिळतील, हे बांधून दिलेलं असतं. शेअर्ड होस्टिंगमध्ये क्लाउडलिनक्स ही प्रणाली यासाठी फार वापरली जाते. एकाच वेळी चालू असलेल्या विनंत्यांची मर्यादा ओलांडली की त्या प्रणालीत पुढच्या वाचकाला ५०८ क्रमांकाची त्रुटी दिसते. आपल्या साइटमुळे शेजारच्या साइट अडू नयेत, यासाठी ही सोय आहे आणि ती रास्तच आहे.

समजा वाचनालयाच्या खात्याला एका वेळी १० विनंत्या मंजूर आहेत आणि एक पान तयार व्हायला दोन सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला पाच पानं, मिनिटाला ३००. एरवी हे भरपूर आहे. पण २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या सकाळी, दुर्मीळ अंकाची लिंक पाच-पन्नास व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली आणि लोक एकदम तुटून पडले, तर ज्या दिवशी साइट दिसायला हवी त्याच दिवशी ती बंद पडेल. जागेचा आकडा कितीही अमर्याद असला तरी त्या सकाळी त्याचा काहीही उपयोग नाही.

आधीच तयार करून ठेवलेलं साधं एचटीएमएल पान मात्र या मोजणीत जवळपास येत नाही. सर्व्हर फाइल उचलतो आणि देऊन मोकळा होतो. पीएचपी नाही, डेटाबेस नाही. यावरचा उपाय पुढे येतोच.

चौथी मर्यादा: रोजच्या हिट

काही कंपन्या दिवसाला किती हिट चालतील हे ठरवतात. ५०,००० हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण हिट म्हणजे वाचक नव्हे. एक पान उघडलं की त्यातली प्रत्येक प्रतिमा, प्रत्येक स्टाइलशीट, प्रत्येक स्क्रिप्ट ही वेगळी हिट धरली जाते. एका पानात अशा ४० फाइली असतील, तर ५०,००० हिटमध्ये दिवसाला १,२५० पानंच वाचली जातील. त्यांतही सर्च इंजिनांचे आणि एआयसाठी मजकूर गोळा करणाऱ्यांचे बॉट वाटा घेतात. मर्यादा ओलांडली की साइट काही काळ बंद ठेवली जाते.

कलमांतली मर्यादा

आकड्यांत न बसणारी एक मर्यादा वापराच्या अटींमध्ये असते. जागा फक्त वेबसाइटच्या पानांसाठी आणि त्यांत जोडलेल्या फाइलींसाठी वापरावी. बॅकअप ठेवायला, फाइली वाटायला किंवा व्हिडिओ दाखवायला वापरू नये, अशा आशयाचं कलम बहुतेक ठिकाणी असतं. काय वाजवी आणि काय अवाजवी, हे ठरवण्याचा अधिकार कंपनी स्वतःकडे ठेवते. ठरावीक काळ साइटकडे कोणी फिरकलं नाही तर खातं काढून टाकण्याचं कलमही फुकटच्या सेवांत नेहमीचं आहे. जुन्या अंकांचा संग्रह म्हणजे तर महिनोन्महिने शांत पडून राहणारी गोष्ट! ज्या साहित्याला टिकाऊ जागेची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच हे कलम सर्वांत आधी लागू पडतं.

काळाची मर्यादा

या सगळ्याहून मोठी मर्यादा म्हणजे ती सेवाच किती वर्षं टिकेल.

जिओसिटीज ही फुकट होस्टिंगची आद्य सेवा १९९४ मध्ये सुरू झाली. लाखो लोकांनी आयुष्यातली पहिली वेबसाइट तिथे बांधली. १९९९ मध्ये याहूने ती साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. आर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांच्या गटाने आणि इंटरनेट आर्काइव्हने धावपळ करून जेवढी पानं वाचवली तेवढीच उरली. बाकीचं गेलं.

०००वेबहोस्ट ही अशीच एक अतिशय लोकप्रिय फुकट सेवा. तिच्याकडच्या सुमारे १ कोटी ३५ लाख खात्यांची माहिती फुटल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. त्यात पासवर्ड कोणत्याही कुलपाशिवाय, जसेच्या तसे साठवलेले होते. २०२४ मध्ये ती सेवाही बंद झाली. गूगल फोटोजने मे २०१५ मध्ये ठरावीक दर्जाच्या फोटोंसाठी देऊ केलेली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून थांबली आणि नवे फोटो १५ जीबीच्या कोट्यात मोजले जाऊ लागले. निदान तिथे आधी चढवलेले फोटो सुरक्षित राहिले. प्रत्येक ठिकाणी अशी मुभा मिळेलच असं नाही.

मग वाचनालयाने काय करावं?

पहिली गोष्ट, साइट आणि संग्रह वेगळे करावेत. स्कॅन केलेले अंक होस्टिंगवर ठेवूच नयेत. इंटरनेट आर्काइव्ह ही ना-नफा संस्था १९९६ पासून याच कामासाठी उभी आहे. तिथे अख्ख्या अंकाची पीडीएफ चढवता येते आणि आपल्या साइटवर फक्त तिची लिंक द्यायची असते. अट एकच, की साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त असावं किंवा हक्कधारकाची परवानगी असावी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो, आणि अंकात अनेक लेखक असतात, म्हणून एकेक नाव तपासावं लागतं. मुक्त झालेल्या पुस्तकांचा मजकूर टंकून, तपासून ठेवायला मराठी विकिस्रोत आहे; तिथे स्वयंसेवकांची मदतही मिळू शकते.

दुसरी गोष्ट, साइट शक्य तेवढी साधी ठेवावी. माहिती, वेळापत्रक, पुस्तकांची यादी यांसाठी वर्डप्रेस लागतंच असं नाही. तयार एचटीएमएल पानं ठेवायला गिटहब पेजेस आणि क्लाउडफ्लेअर पेजेस अशा फुकट सेवा आहेत. पहिली सांगते की साइट १ जीबीपर्यंत असावी आणि महिन्याची वाहतूक १०० जीबीच्या आसपास राहावी. दुसरी फुकटच्या खात्यात २०,००० फाइली आणि एका फाइलीला २५ एमबी एवढं देते. या मर्यादा आधीच लेखी सांगितलेल्या असल्यामुळे त्यांत बसेल असं नियोजन करता येतं.

तिसरी गोष्ट, आपल्या फाइली मोजाव्यात. विंडोज संगणकावर साइटच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की जागेबरोबर फाइली आणि फोल्डर किती तेही दिसतं. त्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे तुम्हाला लागणारे आयनोड. वर्डप्रेसच वापरायचं असेल तर न लागणारी प्लगिन आणि थीम काढून टाकाव्यात आणि फोटो चढवण्याआधी लहान करावेत. मूळ फोटोच लहान असला की वर्डप्रेस त्याच्या मोठ्या प्रती काढत नाही.

चौथी गोष्ट, नाव स्वतःचं घ्यावं. डोमेनला वर्षाकाठी साधारण हजार-बाराशे रुपये लागतात. होस्टिंग फुकट असलं तरी नाव आपलं असेल, तर कंपनी बंद पडल्यावर साइट दुसरीकडे हलवता येते आणि वाचकांना जागा बदलल्याचा पत्ताही लागत नाही. एवढ्या एका खर्चात कंजुषी करू नये.

पाचवी गोष्ट, प्रत आपल्याकडे ठेवावी. साइटच्या फाइली, डेटाबेस आणि मूळ स्कॅन यांच्या दोन प्रती हव्यात: एक वाचनालयातल्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या इमारतीत, एखाद्या विश्वस्ताच्या घरी. फुकटच्या होस्टिंगमध्ये बॅकअप ही कंपनीची जबाबदारी नसते आणि अटींमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

खातं उघडण्याआधी कंपनीच्या नियमांत पाच उत्तरं शोधावीत. फाइली किती चालतील? एका फाइलीची कमाल मर्यादा किती? एका वेळी किती विनंत्या आणि दिवसाला किती हिट? साइट किती दिवस शांत राहिली तर खातं काढतात? सगळ्या फाइली एकदम उतरवून घेता येतात का? ही उत्तरं ज्या कंपनीकडे लेखी मिळतात ती निवडावी. जिथे फक्त ‘अनलिमिटेड’ एवढंच उत्तर आहे, तिथे आपल्या संस्थेचा ठेवा सोपवू नये. तुमच्या संस्थेची साइट आज अशाच जागेवर असेल, तर निदान या आठवड्यात तिची पूर्ण प्रत उतरवून घ्या. ती हाताशी असेल, तर बाकीचे सगळे निर्णय पुढे सावकाश घेता येतील.